नेफ्रोटिक सिंड्रोम: औषध संपताच सूज परत आली, उपचार चुकले का?

प्रश्न

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी सकाळी उठल्यावर त्याचे डोळे सुजलेले दिसू लागले, पण दुपारपर्यंत सूज ओसरत असल्यामुळे अ‍ॅलर्जी असेल असे समजून आम्ही आठवडाभर डोळ्यांत थेंब घालत राहिलो. एका संध्याकाळी त्याचे मोजे काढले, तर घोट्याच्या वर इलॅस्टिकचा खोल वळ उमटलेला होता आणि तो बराच वेळ गेलाच नाही. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन चार प्लस, म्हणजे खूप जास्त, निघाले आणि नेफ्रोटिक सिंड्रोमचे, म्हणजे लघवीवाटे प्रथिन वाहून जाण्याच्या किडनीच्या आजाराचे, निदान झाले. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड सुरू केल्यावर अकराव्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. बारा आठवड्यांचा कोर्स पूर्ण करून तीन आठवडे होतात न होतात तोच त्याला सर्दी झाली, लागोपाठ तीन दिवस लघवी तपासण्याच्या पट्टीवर प्रथिन तीन प्लस आले आणि तेच औषध पुन्हा सुरू करावे लागले.

त्याचा चेहरा गोल झाला आहे, सारखी भूक लागते, चिडचिड वाढली आहे. स्टेरॉईडमुळे किडनी आणखी बिघडेल, तेव्हा ते बंद करा, असे घरातील वडीलधारी मंडळी रोज सांगतात. सूज परत येणे म्हणजे उपचार फसले असे समजायचे का? पुढे किडनी निकामी होईल का? आमच्या हातून काय चुकले?

प्रतिसाद १

तुमच्या हातून काही चुकलेले नाही. माझ्या मुलीला हा आजार तिसऱ्या वर्षी झाला आणि आजवर सहा वेळा उलटला आहे. पहिल्या वेळी मीही तुमच्यासारखीच रडत होते. आता आमच्या न्हाणीघरात एक वही आणि पेन कायमचे टांगलेले आहे. सकाळच्या पहिल्या लघवीत पट्टी बुडवायची, डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायची आणि पिवळी, फिकट हिरवी की गडद हिरवी ते तारखेपुढे लिहायचे. सर्दी, ताप, औषधाचा डोस आणि वजनही त्याच ओळीत येते. या वहीमुळे डोळे सुजण्याच्या आधीच आजार उलटल्याचे कळते आणि सूज फार चढण्यापूर्वी उपचार सुरू होतात. तुम्ही तिसऱ्याच दिवशी ओळखलेत, म्हणजे तुमचे लक्ष आहे.

प्रतिसाद २

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलाला न तपासता डोसबद्दल बोलणार नाही, परंतु तुमच्या तिन्ही प्रश्नांना उत्तर देता येते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. या आजारात त्या गाळण्यांच्या भिंतीवरील पेशींची रचना तात्पुरती बिघडते आणि रक्तातील अल्ब्युमिन लघवीवाटे वाहून जाते. रक्तात पाणी धरून ठेवणारे हे प्रथिन कमी झाले की पाणी ऊतींमध्ये झिरपते, म्हणून रात्रभर आडवे झोपल्यावर डोळ्यांभोवती आणि दिवसभर चालल्यावर पायांवर सूज दिसते. या वयातील बहुतेक मुलांमध्ये साध्या सूक्ष्मदर्शकाखाली गाळण्या जवळपास निरोगीच दिसतात.

स्टेरॉईडला साधारण ८० ते ९० टक्के मुले प्रतिसाद देतात, आणि किडनीचे पुढे काय होईल हे आजार किती वेळा उलटला यापेक्षा औषधाला प्रतिसाद मिळतो की नाही यावर अधिक अवलंबून असते. म्हणून अकराव्या दिवशी लघवी स्वच्छ झाली, ही मला सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते. अशा मुलांची किडनी निकामी होणे क्वचितच घडते. आजार उलटणे मात्र नेहमीचे आहे आणि सर्दीसारखा संसर्ग हे त्याचे सर्वांत परिचित निमित्त आहे.

स्टेरॉईड किडनी बिघडवत नाही. त्याचे दुष्परिणाम खरे आहेत, म्हणूनच रक्तदाब, उंची आणि डोळे वेळोवेळी तपासले जातात, आणि आजार वारंवार उलटू लागल्यास लेव्हामिसोल किंवा मायकोफेनोलेटसारखी औषधे देऊन स्टेरॉईड कमी करता येते. परंतु ते आपल्या मनाने एकाएकी कधीही बंद करू नका. दीर्घकाळ बाहेरून स्टेरॉईड मिळाल्याने शरीराचे स्वतःचे संप्रेरक तयार होणे मंदावलेले असते, आणि औषध अचानक थांबले तर मुलाच्या जिवावर बेतू शकते.

प्रतिसाद ३

मी आता बावीस वर्षांची आहे. हा आजार मला चौथ्या वर्षापासून होता, शेवटचा झटका पंधराव्या वर्षी आला. लहानपणी आई गोळी हातावर ठेवायची, तेव्हा कधी चुकली नाही. शाळेत गोल चेहऱ्यावरून मुली चिडवू लागल्यावर मी गोळ्या लपवून टाकून देऊ लागले आणि एकदा पोटात पाणी भरून रुग्णालयात दाखल व्हावे लागले. म्हणून एक विनंती आहे की त्याला आजाराचे नाव आत्तापासूनच सांगा, पट्टीचा रंग त्यालाच ओळखू द्या आणि चेहरा पुन्हा पूर्वीसारखा होणार आहे हेही सांगा. मला ते कोणीच सांगितले नव्हते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. उद्या वही आणतो. डॉक्टर, शाळेतून कांजिण्यांची साथ असल्याचा निरोप आला आहे. त्याला पाठवावे का?

प्रतिसाद २

साथ ओसरेपर्यंत पाठवू नका. वर्गात कोणाला कांजिण्या झाल्या असतील आणि तो त्या मुलाच्या जवळ आला असेल, तर पुरळ उठण्याची वाट न पाहता आजच तुमच्या डॉक्टरांना कळवा, कारण ठरावीक दिवसांतच संरक्षक औषध देता येते. स्टेरॉईडचा मोठा डोस चालू असताना कांजिण्या किंवा गोवर यांच्या जिवंत लसी देत नाहीत. न्यूमोकोकस या जिवाणूविरुद्धची लस झाली आहे का, तेही विचारून घ्या. सूज असताना ताप आला आणि पोट दुखू लागले, तर रात्रीसुद्धा थांबू नका.