बातमी पक्की होईपर्यंत विद्यापीठाने गप्प बसायचं का?

जावक_क्रमांक
परवा आमच्या कॉलेजात आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण झालं. पाहुण्यांनी व्हर्जिनिया टेक या अमेरिकेतल्या विद्यापीठाचं उदाहरण दिलं आणि जेवणाच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये जुंपली. ते भांडण अर्धवट राहिलंय, म्हणून इथे मांडतो.

१६ एप्रिल २००७, अमेरिकेतलं ब्लॅक्सबर्ग. सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोघा विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यापीठाचा पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यात काय, तर 'गोळीबाराची घटना' घडली आहे, सावध राहा. कोणी मेलंय हे नाही, मारणारा मोकळा आहे हेही नाही. पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत गोळ्या घालणारा तोच मुलगा नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीत शिरला आणि तिथे ३० जण गेले. एकूण ३२. त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती.

उशीर मी एक वेळ समजून घेईन. पण पावणेनऊला विद्यापीठाच्या निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांच्या गटातल्या एकाने राज्याच्या राजधानीतल्या, रिचमंडमधल्या सहकाऱ्याला कळवलं होतं की बंदूकधारी मोकळा आहे, आणि वर लिहिलं, हे अजून बाहेर सांगायचं नाही. विद्यापीठातल्या काहींनी आपल्या घरीही कळवलं होतं. नऊच्या सुमारास कचरा उचलणं थांबवलं. म्हणजे घरच्यांना माहीत, कचरेवाल्यांना माहीत, फक्त वर्गाकडे निघालेल्या पोरांना नाही. याला खात्री करणं म्हणायचं?

निवृत्त_कुलसचिव
नंतर शहाणपण सगळ्यांनाच येतं हो. त्या सकाळी पोलिसांना वाटत होतं की मामला खाजगी आहे. मारल्या गेलेल्या मुलीच्या मित्रावर संशय होता, तो आवाराबाहेर गेलाय असा त्यांचा समज होता. त्याची गाडी त्यांनी रस्त्यात अडवलीसुद्धा. मग २६ हजार विद्यार्थ्यांना 'पळा, लपा' कशाच्या जोरावर सांगणार? त्याआधीच्या ऑगस्टमध्ये, सत्राच्या पहिल्याच दिवशी, फरार कैदी आवाराजवळ आला म्हणून विद्यापीठ बंद करावं लागलं होतं आणि अफवांनी धुमाकूळ घातला होता. ते डोक्यात असणारच.

आणि चौकशी समितीचाच अहवाल वाचा. मारणारा विद्यार्थीच होता, जो निरोप गेला असता तो त्यालाही मिळाला असता. काहीही केलं असतं तरी मोठी जीवितहानी टळली असती असं समितीला दिसलं नाही. २०१३ साली व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला.

आमच्याकडे एका रात्री कोणीतरी ग्रुपवर टाकलं, 'मुलींच्या वसतिगृहामागे बिबट्या'. वॉर्डनने शहानिशा न करता तोच मजकूर सगळीकडे पुढे ढकलला. मुली जिन्यावरून खाली धावल्या, एकीचा पाय मोडला. सकाळी वनखात्याच्या माणसाने ठसे बघून सांगितलं, कुत्रं आहे. तो पाय मी विसरलेलो नाही.

रेक्टरबाई
सर, तुमचा बिबट्या मान्य. आता आमची कावीळ ऐका.

वसतिगृहात एका आठवड्यात सात मुलं आजारी पडली. पाणी तपासायला दिलं. मी म्हटलं, अहवाल येईल तेव्हा येईल, आज 'पाणी उकळून प्या' एवढं तरी लावू. उत्तर आलं, अहवालाशिवाय परिपत्रक निघत नाही, पालक घाबरतील. चौथ्या दिवशी निघालं, 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' वगैरे, जावक क्रमांकासकट. तोवर बाधित मुलं तेवीस. आणि प्रशासकीय इमारतीत बाटलीबंद पाण्याचे जार दुसऱ्याच दिवसापासून येत होते. ते जार माझ्या डोळ्यांसमोरून जायचे. त्यामुळे 'पॅनिक होईल' हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारते, पॅनिक कोणाचं?

चहा_कमी_साखर
आमच्या विभागात संकट आलं की पहिली सूचना निघते, 'माध्यमांशी परस्पर बोलू नये'. दुसरी निघत नाही.

निवृत्त_कुलसचिव
जारचं ऐकून वाईट वाटलं. पण ती लबाडी झाली, धोरण नव्हे. धोरणाचं बोलायचं तर त्याच व्हर्जिनिया टेकमध्ये ऑगस्ट २०११ मध्ये शिबिराला आलेल्या मुलांनी सांगितलं, एका माणसाच्या हातात बंदुकीसारखं काहीतरी दिसलं. लगेच इशारा, पाचेक तास सगळे कोंडून. शेवटी माणूस सापडला नाही. हे दरमहा झालं तर इशारा वाचणार कोण?

जावक_क्रमांक
पण त्या दिवशी कोणाचा जीव गेला नाही, सर. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथे खरोखर एका पोलिसाला गोळी घातली गेली, तेव्हा इशारा काही मिनिटांत सगळ्यांच्या फोनवर होता. ऑगस्टची रंगीत तालीम वाया गेली असं मला वाटत नाही.

तुम्ही प्रशासनातले, म्हणून एक मुद्दाम सांगतो. २००७ मध्ये तिथल्या पोलिसांना स्वतःहून निरोप पाठवताच येत नव्हता. मजकूर ठरवणार वरिष्ठांचा गट, बटण दाबणार जनसंपर्कवाले. गटाची बैठक सुरू झाली तेव्हा गोळीबाराला तासाहून जास्त वेळ होऊन गेला होता. म्हणजे बातमी पक्की नव्हती म्हणून सगळं अडलं नाही, बैठक व्हायची होती म्हणूनही अडलं. २००८ मध्ये अमेरिकेचा कायदाच बदलला. धोका आहे एवढं पक्कं झालं की आवारात तात्काळ कळवायचं.

रेक्टरबाई
हेच! आमच्याकडे बल्क एसएमएसचा पासवर्ड एकाच माणसाकडे, आणि तो शनिवार-रविवार गावी. कावीळ काय शनिवार बघून येते?

निवृत्त_कुलसचिव
पासवर्डचं मान्य. तो सुरक्षा अधिकारी आणि रेक्टर, दोघांकडे हवा. मी असतो तर सही केली असती. पण मजकूर आधीपासून ठरलेला हवा, तिथे मी हटणार नाही. रात्री अकराला घाबरलेल्या वॉर्डनने स्वतःच्या शब्दांत लिहायचं, हे मला चालणार नाही.

जावक_क्रमांक
मग घ्या मसुदा: 'रात्री १०.४० ला वसतिगृह क्र. २ मागे बिबट्या दिसल्याचं एका विद्यार्थिनीने सांगितलं. खात्री झालेली नाही. खोलीतच थांबा, दार लावून घ्या. पुढचा निरोप ११.१० ला.'

निवृत्त_कुलसचिव
'जिन्यावर येऊ नका' घाला. बाकी ठीक.