मुद्दा तिचा, तर नावही तिचंच
मीटिंगमध्ये बाईने मांडलेला मुद्दा दुसराच कुणी स्वतःच्या नावावर खपवतो, यावर उपाय म्हणून कुणीतरी म्हणतं की बायकांनी जरा आवाज चढवावा. चढवला की 'किती चिडते ही!' आणि तोच सूर पुरुषाचा असला की तो 'ठाम'. ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या बायकांची युक्ती मला जास्त पटते: एकीने मुद्दा मांडला की दुसरी तिचं नाव घेऊन तो पुन्हा मांडायची. मग तो ढापणं अवघड.

आम्ही दोघींनी करून पाहिलं. एक सहकारी माझीच कल्पना स्वतःची म्हणून सांगत होता. मैत्रीण शांतपणे म्हणाली, "हो, हिने मघाशी हेच सांगितलं ना? पुढचं सांग गं." तो वहीत काहीतरी गिरगटत बसला. भांडण नाही, काही नाही.

अर्थात, दुसरी बाई खोलीत हवी. आमच्याकडे निम्म्या मीटिंगांत मी एकटीच असते.