चर्चा: रात्रीच्या रस्त्यावर जखमी माणूस दिसला, तर ख्रिस्ती माणसाने थांबायचं की १०८ लावून पुढे जायचं?

नगररोडकर
पुणे-अहिल्यानगर रस्त्याच्या कडेने बऱ्याच मंडळ्या, म्हणजे चर्च, आहेत. माझं म्हणणं, या मंडळ्यांनी सभासदांना स्पष्ट सांगावं की अपघात दिसला तर थांबा. बायबलमधल्या लूक १० मधली येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो: लुटारूंनी अर्धमेला टाकलेल्या वाटसरूला पाहून याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवक) बाजूने निघून जातात, परक्या समाजातला शोमरोनी मात्र थांबतो, मलमपट्टी करतो आणि त्याला उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत नेतो. पण त्यातल्या भीतीकडे आपलं लक्ष नसतं. यरुशलेम ते यरीहो ही साधारण २७ किलोमीटरची वाट हजार मीटरच्या आसपास खाली उतरते. वाट ओसाड आणि लुटारूंची. याजक आणि लेवी दुष्टच होते असं कुठे म्हटलेलं नाही. मारणारे अजून जवळपास असतील ही शंका त्यांना आली असेल, तर ती रास्तच होती. तोच धोका शोमरोन्यालाही होता, तरी तो थांबला. धोका नसताना केलेल्या मदतीसाठी येशूला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

डोळस
माझा विरोध आहे, आणि तो भीतीपोटी नाही. ताशी १०० च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला २८ मीटर कापते. अंधारात रस्त्यावर वाकलेला माणूस तिच्या चालकाला दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. एका जखमीचे तीन होतात. दुसरं, कळवळ्याच्या भरात लोक जखमीचे हातपाय धरून त्याला गाडीतून ओढतात आणि रिक्षात कोंबतात. मानेचा मणका मोडलेला असेल तर मज्जारज्जूला कायमची इजा तिथेच होते. शिवाय अपघाताचं सोंग करून लुटण्याचे प्रकारही घडतात. शोमरोन्याकडे १०८ नव्हता, आपल्याकडे आहे. फोन करणं हीसुद्धा मदतच आहे.

अपघात_विभाग_सिस्टर
डोळस यांनी सांगितलेले दोन्ही धोके खरे आहेत. पण त्यावरून थांबूच नये असं ठरत नाही, कसं थांबावं ते ठरतं. धमनी फाटली असेल तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने जातो. ॲम्ब्युलन्स तेवढ्या वेळात पोहोचेलच असं नाही.

गाडी अपघाताच्या पुढे नेऊन डांबराच्या बाहेर उभी करा, चारही इंडिकेटर लावा. लाल त्रिकोण मागे निदान ५० मीटरवर, वेगाच्या रस्त्यावर १०० ते १५० मीटरवर ठेवा. तो ठेवायला जाताना डांबरावरून चालू नका. एक्सप्रेसवेवर माणसांनी कठड्याच्या पलीकडेच उभं राहायचं. १०८ ला चार गोष्टी सांगा: रस्ता व दिशा, जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा, जखमी किती, श्वास चालू आहे का. "ढाब्याजवळ" एवढ्यावर गाडी शोधत फिरते.

मग हातमोजे घाला. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून तळव्याने जोरात दाबा. कापड भिजलं तर काढू नका, त्यावरच दुसरं ठेवून दाब वाढवा. सगळ्यात जास्त चूक इथे होते. दर मिनिटाला उचलून पाहिल्याने धरलेली गुठळी सुटते. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर न येईल असा, चार बोटं रुंद पट्टा काठी पिळून घट्ट आवळा आणि वेळ लिहून ठेवा. दोरी किंवा तार वापरू नका, ती मांसात रुतते. रुतलेली काच, सळई उपसू नका. पाणी पाजू नका. अर्धवट शुद्धीत ते फुप्फुसात जातं आणि ऑपरेशनच्या वेळी भूल देताना उलटीचा धोका वाढतो.

हलवायचं ते फक्त आग लागली असेल किंवा गाड्या अंगावर येत असतील तरच. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट राहू द्या. श्वास बंद असेल तर दोघांनी मिळून ते काढा, एकाने मान स्थिर धरायची. मग छातीच्या मध्यभागी ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्या, मिनिटाला १०० ते १२०.

डोळस
हे सगळं शिकलेल्या माणसाने केलं तर मला हरकत नाही. पण पोलिस, कोर्टाच्या तारखा? आणि एक अडचण खास आपली. जखमीच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, खिशात ट्रॅक्ट, म्हणजे धर्मप्रचाराचं पत्रक, सरकवलं, कुणी व्हिडिओ काढला, की मदत बाजूला राहते आणि धर्मांतराची चर्चा सुरू होते.

साक्षीदार
कायद्याचं आधी. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेने, स्वेच्छेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करताना हातून चूक झाली, तरी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलिसांना करता येत नाही, दवाखान्याला अडवून ठेवता येत नाही. साक्ष द्यायची की नाही हे आपण ठरवायचं. हे हक्क दवाखान्याच्या दाराशी मराठीतही लावलेले असायला हवेत, हे मंडळीत वाचून दाखवा. कागद आणि चौकी यांत अंतर पडतं, मान्य. म्हणूनच नियम तोंडपाठ हवा.

ट्रॅक्टच्या बाबतीत मी डोळस यांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. बेशुद्ध माणूस नको म्हणू शकत नाही. त्याच्या असहायतेचा उपयोग करून घेणं हा कळवळा नव्हे. प्रार्थना मनात करा. त्याने स्वतः मागितली तर मोठ्याने करा. शोमरोन्याने आपली ओळखही सांगितली नाही.

नगररोडकर
इथे मी थोडा अडतो. येशूचं नाव लपवून सेवा करायची?

साक्षीदार
लपवू नका. कुणी "का थांबलात?" विचारलं तर खरं सांगा. न विचारता सांगू नका.

गावकुस
"शिकलेल्याचं काम" या शब्दाला माझी हरकत आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी गावातल्या बायका निवडल्या. अनेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या. त्यांनी बाळंतपणं, जुलाब, क्षयरोग यांत काम केलं. रक्त दाबून धरणं त्याहून अवघड नाही. प्रत्येक मंडळीने वर्षातून दोनदा उपासनेनंतर दोन तास सराव ठेवावा. एकाला जमिनीवर झोपवा आणि बाकीच्यांना खरोखर दाब द्यायला लावा. नुसत्या भाषणाने हाताला सवय होत नाही. गाडीत ठेवायच्या पिशवीत हातमोज्यांचे चार जोड, जाड गॉज, रुंद पट्ट्या, कात्री, टॉर्च, त्रिकोण आणि चमकणारं जाकीट एवढं पुरे.

डोळस
सराव आणि पिशवी असेल तर माझा विरोध बराच मावळतो. एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. एकट्या बाईला किंवा लेकरं गाडीत असलेल्या माणसाला "विश्वास असेल तर उतर" असं म्हणू नये. त्यांनी काचा बंद ठेवून पुढे उजेडात, टोलनाक्यावर किंवा पेट्रोल पंपावर थांबावं, १०८ आणि ११२ ला फोन करावा, तिथल्या माणसांना घेऊन यावं. एवढं करणारीला पाळकांनी याजकाच्या ओळीत बसवू नये.

अपघात_विभाग_सिस्टर
पूर्ण मान्य.

उतारशाळा
सगळे रस्त्यावरच थांबलेत. गोष्टीचा दुसरा अर्धा भाग उतारशाळेत घडतो. शोमरोनी रात्रभर जखमीजवळ राहिला, दुसऱ्या दिवशी दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी दिली, आणि जास्त खर्च आला तर परत येताना देईन म्हणाला. आपल्याकडे अनोळखी जखमीला दाखल करून माणसं निघून जातात. मग रक्त कुणी आणायचं, नातेवाईक कुणी शोधायचे? पैशाअभावी उपचार अडले तर कॅशलेस योजनेचं नाव घ्या. २०२५ पासून मोटार अपघातातल्या जखमीला नियुक्त दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार तीत मिळतात. त्याच वर्षी गंभीर जखमीला वेळेत पोहोचवणाऱ्याचं सरकारी बक्षीस २५ हजार झालं. त्यावर डोळा ठेवून थांबू नये, पण मिळालं तर नाकारण्यापेक्षा मंडळीच्या पिशव्यांसाठी घालावं, असं मला वाटतं.

नगररोडकर
बक्षिसाबद्दल माझं मन अजून तयार नाही. मत्तय ६ मधलं "उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये" आठवतं. पण दवाखान्यात मागे राहण्याची पाळी आम्ही लावून घेऊ, दोघे दोघे. जखमीच्या मोबाइलचं, मंगळसूत्राचं, पाकिटाचं काय करायचं?

अपघात_विभाग_सिस्टर
खिशात घालून घरी आणू नका, "सांभाळतो" म्हणूनही नाही. दोन साक्षीदारांसमोर यादी करा, दवाखान्यात किंवा पोलिसांकडे जमा करून सहीची पोच घ्या. मोबाइल बंद करू नका. घरचे शोधत असतील तर त्यावरच फोन करतील. वाजला की उचला, आणि आधी दवाखान्याचं नाव सांगा.