विषय: कोल्हापुरात सासूबाई आणि मुलांना घेऊन कुठे चालावं?

नमस्कार मंडळी,

या डिसेंबरात आम्ही तीन आठवडे कोल्हापूरला, माझ्या सासरी राजारामपुरीत असू. मी मूळची नागपूरची. कोल्हापूर आजवर पाहुणीसारखंच पाहिलं: अंबाबाईचं दर्शन, चपला, गूळ, एकदा पन्हाळा, की परत विमान.

मुलं ९ आणि ४ वर्षांची आहेत. आम्ही राहतो तिथे दर रविवारी नदीकाठच्या सपाट वाटेनं चालतो. धाकटी अर्धी वाट चालते, अर्धी बाबागाडीत बसते. तिकडेही असंच काही करता आलं तर तीन आठवडे मुलं घरात टीव्हीसमोर बसणार नाहीत. सासूबाई ७२ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. त्यांना घरी ठेवून आम्ही फिरायला जायचं, हे मला नको आहे.

इंटरनेटवर शोधलं तर धबधबे आणि ट्रेकच सापडतात. पाणी असेल, झाडी असेल आणि सगळ्यांना जमेल असं काही सुचवाल का?

– राजारामपुरीची सून

---

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून राहवलं नाही, म्हणून रात्री बसून लिहिते आहे. मी शिवाजी पेठेत वाढले. दहावीपर्यंत रोज पहाटे वडिलांबरोबर रंकाळा तलावावर जायचे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलांना घेऊन गेलो तेव्हा मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. चार दिवसांत दाजीपूर, आंबा घाट, आजऱ्याचं रामतीर्थ असं सगळं बसवलं. दिवसभर गाडीत. मुलाला वळणांवर उलट्या झाल्या आणि आई शेवटच्या दिवशी म्हणाली, मी गाडीच्या खिडकीतून फिरले. आणि घरापासून दहा मिनिटांवरच्या रंकाळ्यावर आम्ही एकदाही गेलो नव्हतो! त्याची रुखरुख अजून आहे.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. वाट किती लांब आहे ते बघायचं नाही, बसायला कुठे कुठे मिळेल ते आधी बघायचं. सासूबाईंना दर दोनशे पावलांवर टेकायला कट्टा मिळाला, तर त्या तुमच्या बरोबरीनं तासभर बाहेर राहतील.

या हिशेबानं रंकाळा पहिला. सगळी फेरी मारायचा हट्ट धरू नका, तिघांनाही झेपणार नाही. सकाळी साडेसहा-सातला पदपथ उद्यानाच्या बाजूला जा. चालायला सरळ वाट, पाण्याकडेला झाडं आणि बसायला जागा. डिसेंबरात त्या वेळी चांगलीच थंडी असते, पाण्यावर धुक्याचा पातळ पडदा असतो. मोठ्याला दुर्बीण द्या. काळा पक्षी आणि कपाळावर पांढरा टिळा दिसला तर तो वारकरी. सारखी बुडी मारून भलतीकडेच वर येते ती टिबुकली. पंख पसरून दगडावर वाळत बसतो तो पाणकावळा. आमचे वडील बुडी मारलेली टिबुकली कुठे वर येईल यावर आमच्याशी पैज लावायचे, हरलेल्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या चपला पुसायच्या. तुमचा मुलगा यातच अर्धा तास सहज रमेल.

पाण्यात उभा असलेला दगडी संध्यामठ त्यांना जरूर दाखवा. तलावाचं पाणी चढतं-उतरतं तसा तो बुडतो आणि उघडा पडतो. आम्ही पाऊस किती झाला हे संध्यामठाच्या खांबांवरून ठरवायचो. उत्तरेच्या काठावर शालिनी पॅलेस आहे, १९३० च्या दशकातला. तलाव कसा झाला याची कथाही मुलांना आवडते. इथे पूर्वी दगडाची खाण होती आणि भूकंपानं तिच्यात पाणी भरलं, असं जुनी माणसं सांगतात.

संध्याकाळी चौपाटीच्या बाजूला जायचं असेल तर फक्त बसायला जा. समोर पाण्यावर सूर्य मावळतो, भेळ मिळते. पण गर्दी फार, बाबागाडी ढकलायला जागा नसते. आणि जलपर्णी वाढली असेल त्या दिवसांत काठाला वास येतो, हेही सांगून ठेवते. माझ्या लहानपणीचं पाणी आता नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं ठिकाण तुमच्या घराच्या बाजूचं आहे, शिवाजी विद्यापीठ. १९६२ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ शहराच्या कडेला मोठ्या माळावर आहे. आतले रस्ते रुंद, झाडीचे, आणि पहाटे सगळं राजारामपुरी-सागरमाळ तिथे चालायला येतं. मोर हमखास ऐकू येतात, नशीब असेल तर दिसतातही. बाबागाडीसाठी कोल्हापुरात याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. जवळच राजाराम तलाव आहे. तिथे काठ मात्र कच्चा आहे, सासूबाईंना विद्यापीठातच बसवून तुम्ही मोठ्याला घेऊन जाऊन या.

पन्हाळ्याबद्दल एवढंच, की आता पाहुणीसारखं जाऊ नका. गाडी थेट वर जाते, २० किलोमीटरच्या आसपास अंतर. सगळा गड एका दिवसात उरकायचा नाही. तीन दरवाजा आणि शेजारची अंधारबाव एवढंच बघा, मग तबक उद्यानात झाडाखाली चटई टाकून डबा उघडा. १६६० च्या पावसाळ्यात सिद्दी जौहरचा वेढा चुकवून महाराज याच गडावरून विशाळगडाकडे निघाले. ही गोष्ट घरात सांगण्यापेक्षा तिथल्या तटावर बसून सांगितली की नऊ वर्षांचं मूल हलत नाही.

दाजीपूरबद्दल उद्या लिहिते, झोपते आता.

– मूळची शिवाजी पेठेची

---

मंडळी, नमस्कार.

मी सध्या सहा महिने कोल्हापुरातच आहे, म्हणून मध्ये तोंड घालतो. शिवाजी पेठेच्या ताईंनी सगळं सांगितलं आणि पंचगंगा घाट तेवढा गाळला! पोरी, रोज रंकाळ्यावर गेलीस, नदीवर कधी गेलीस का नाही?

सूनबाई, घाटावर चालायचं नसतं, घाटावर उतरायचं आणि बसायचं असतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची ही पंचगंगा. संगम थोडा वर, प्रयाग चिखलीला आहे. सकाळी आठच्या उन्हात घाटावर जा. कोण पोहतंय, कोण सूर्याला अर्घ्य देतंय, कोण म्हसरं धुतंय. काठावरच्या दगडी समाधी मंदिरांच्या सावलीत बसून बघत राहा. शिवाजी पुलाच्या कमानी तिथून दिसतात.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. सगळ्यात खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. धाकटीचा हात सोडायचा नाही आणि सासूबाईंना वरच्याच टप्प्यावर बसवायचं. आणि मुलांना पाण्यात उतरवू नका. नदी वरून शांत दिसते, आत खोल आहे, आणि पाणी आता अंघोळीच्या लायकीचं राहिलेलं नाही. आम्ही याच पाण्यात डबा बांधून पोहायला शिकलो, हे सांगताना घशात येतं.

मोठ्याला विचारा, नदीला उंची किती असते? इथे राजाराम बंधाऱ्यावर पाणी फुटात मोजतात. ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका. २०१९ आणि २०२१ ला ते ५५ फुटांच्या वर गेलं. त्या पावसाळ्यांत कुठलंही घर फोनवर पहिलं वाक्य हेच बोलायचं, "पाणी किती फुटावर?" घाटावर उभं राहून मान वर करून बघितलं म्हणजे तो आकडा कळतो.

घाटालगत ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथल्या उत्खननात १९४० च्या दशकात दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष निघाले, आणि त्यात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्तीही होती. ग्रीक देव, आपल्या पंचगंगेकाठी! ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. म्हणून सकाळी घाट बघा आणि अकराच्या सुमारास टाऊन हॉल. तिथली बागही जुन्या, मोठ्या झाडांची आहे, जेवणाआधी तासभर सावलीत जातो. येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबायचं, पण लहानांना तापवलेलंच दूध द्या.

आणि डिसेंबर म्हणजे ऊस. कारखान्यांचा हंगाम सुरू असतो, राधानगरी रोडवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. त्या बाजूला जायचं तर उजाडायच्या आत निघा आणि अंधार पडायच्या आत परत या. वाटेत गुऱ्हाळ चालू दिसलं तर मात्र थांबा. काहिलीत उकळणारा रस, वर येणारी मळी आणि शेवटी गरम गूळ. मुलं ते कधीच विसरत नाहीत. काहिलीपासून लांब उभं करा एवढंच.

– रविवार पेठेतला काका

---

काका, घाट गाळला नव्हता, तुमच्यासाठी ठेवला होता! नदीवर मी फक्त त्रिपुरी पौर्णिमेला जायचे, पणत्या लावायला. सूनबाई, तुम्ही पोहोचाल तोवर ती होऊन गेलेली असेल. पुढच्या वेळी नोव्हेंबरातच या.

आता दाजीपूर. एकच लांबची सहल करायची असेल तर हीच करा, पण एक रात्र राहून. दाजीपूर ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं, १९५८ सालचं, मुख्यतः गव्यांसाठी राखलेलं. २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीतही आहे. पहिल्या दिवशी राधानगरीला शाहू महाराजांच्या धरणाजवळ थांबा. पाणी ठरावीक पातळीला पोहोचलं की त्याचे सात दरवाजे आपोआप उघडतात, आतल्या दाबानं, वीज नाही की माणूस नाही. मोठ्याला हे कागदावर चित्र काढून समजावा, माझ्या मुलाला त्यानं आठवडाभर पुरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जंगलात. तिथे आपल्या मनानं पायी भटकायचं नसतं. वनविभागाकडे आधी चौकशी करून, परवानगी घेऊन, माहीतगार माणसाबरोबरच जा. गवा लांबून म्हशीसारखा गरीब दिसतो, पण तो अंगावर आला तर पळायलाही वेळ मिळत नाही. मुलांना एकच काम द्या, वर बघायचं. शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, या जंगलात आहे. ती कधी जमिनीवर उतरत नाही म्हटलं तरी चालेल, फांदीवरून फांदीवर जाते. आमच्या मुलानं बघितली तेव्हा तो ओरडला नाही, माझा हात घट्ट धरला.

सासूबाईंना हा प्रवास जड वाटला तर दाजीपूर सोडून द्या. त्याच्याऐवजी गारगोटी रस्त्यावर कळंबा तलाव आहे, शहराच्या पाण्यासाठी बांधलेला. संध्याकाळी बांधावरून थोडं चालायचं, वारा खायचा आणि रात्री जेवायला घरी.

– मूळची शिवाजी पेठेची

---

ताई, काका, दोघांनाही मनापासून नमस्कार.

तिन्ही पत्रं छापून फ्रिजवर लावली आहेत. दाजीपूरचं सासूबाईंना विचारूनच ठरवू. पहिला आठवडा विद्यापीठ आणि रंकाळा, बाकी काही नाही.

काल रात्री सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गुडघे केल्यापासून रंकाळा बघितला न्हाई मी. कट्टे हाईत न्हवं बसायला? मग मी बी येतो."

धाकटीनं पैज आत्ताच लावली आहे. टिबुकली कुठे वर येणार ते तिला म्हणे माहीत आहे.

– राजारामपुरीची सून