सोसायटी कार्यालयातील कॉम्प्युटर : ऑपरेटिंग सिस्टिम कोणती घ्यावी?

सचिव (ए-१०२): सर्व सभासदांना नमस्कार. कार्यालयातील दोन्ही कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे आणि तिला मिळणारा नियमित आधार (सुरक्षेचे अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर टॅलीमध्ये हिशेब होतात. कपाटाशेजारच्या कॉम्प्युटरवर सभासद नोंदवही, इतिवृत्ते व नकाशे यांच्या स्कॅन प्रती असतात आणि रोज रात्री हिशेबाचा बॅकअप घेतला जातो. पुढे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.

बी-३०४: सचिव साहेब, ही दोन यंत्रे दोन वेगळी कामे करतात, त्यामुळे दोघांसाठी एकच उत्तर शोधू नये, असे मला मनापासून वाटते. कपाटाशेजारच्या यंत्रासमोर कोणी बसत नाही. त्याने फक्त वर्षानुवर्षे न थांबता चालावे. जूनमध्ये रात्री वीज गेली होती, ते आठवत असेल. वीज आल्यावर यंत्र सुरू झाले, पण लॉग-इनच्या पडद्यावरच थांबून राहिले, कारण आपण बॅकअपचा प्रोग्रॅम कोणी लॉग-इन केल्यावरच सुरू होईल असा लावला होता, आणि अकरा दिवस बॅकअप झालेला नाही हे कोणाच्याच लक्षात आले नाही. तिथे मी डेबियन १३ ही लिनक्स प्रकारची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम सुचवेन. ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली असून सुरक्षेचे अपडेट, शेवटची दोन वर्षे दीर्घ मुदतीच्या आधाराखाली धरून, एकूण पाच वर्षे मिळतात. डेस्कटॉप न बसवता ठेवली तर आपल्या यंत्रातील ४ जीबी रॅम तिला भरपूर होते, सांबा या फाइल सामाईक करणाऱ्या प्रोग्रॅममुळे विंडोजवरून आजच्यासारखेच सामाईक फोल्डर दिसते आणि बॅकअप कोणाच्या लॉग-इनवर अवलंबून राहत नाही.

सी-५०१: माझी शंका प्रामाणिक आहे. दोन्हीकडे एकच प्रणाली असली तर सांभाळणे सोपे जाणार नाही का? उद्या आपण घर बदलले, तर डेबियन कोण पाहणार?

बी-३०४: काका, आपली शंका रास्त आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतील अशी सोय करता येते. शिवाय यंत्र बंद-सुरू कसे करावे, बॅकअप झाला की नाही हे कुठे पाहावे आणि नवी डिस्क कशी जोडावी, हे मी मराठीत दोन पानांत लिहून कपाटात ठेवीन आणि समितीतील आणखी दोघांकडून ते प्रत्यक्ष करून घेईन. त्या दोघांना जमले नाही, तर मी माझी सूचना मागे घेईन.

डी-२०३: मग टेबलावरही लिनक्सच घेतले तर पैसे वाचतील.

खजिनदार (बी-१०१): ताई, तिथे मात्र माझा विरोध आहे. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. आडवाटेने ती लिनक्सवर चालवण्याचा प्रयोग सोसायटीच्या हिशेबावर करू नये. ऑडिटरही त्याच स्वरूपात डेटा मागतात. आपल्या जुन्या मराठी नोटिसा नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ‘सर्वसाधारण सभा’ या शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे उमटतात. व्यवस्थापक मॅडम रोज सहा तास त्या खुर्चीत बसतात, त्यामुळे त्यांच्या हाताला जी सवय आहे तिला मी किमतीपेक्षा अधिक महत्त्व देतो.

बी-३०४: पूर्ण सहमत. फक्त त्या यंत्रात सहाव्या पिढीचा प्रोसेसर आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही यंत्रातील सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे चालतात, त्यामुळे हिशेबासाठी नवे यंत्र घ्यावेच लागेल. जुने यंत्र ज्येष्ठ नागरिकांच्या खोलीत लिनक्स मिंट २२ घालून ठेवावे. तिला २०२९ पर्यंत आधार आहे, मांडणी विंडोजसारखी आहे आणि वर्तमानपत्र वाचणे किंवा वीजबिल भरणे फायरफॉक्समध्ये होते. त्यावरचा हिशेबाचा डेटा मात्र आधी पूर्णपणे पुसावा लागेल.

व्यवस्थापक: एक विनंती आहे. पावत्यांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जुना आहे. तो विंडोज ११ वर चालतो का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

सचिव (ए-१०२): मॅडम, हे बरे सुचवलेत. शनिवारी दुपारी ४ वाजता खजिनदार त्यांचा विंडोज ११ चा लॅपटॉप आणतील. आधी त्यावरून पावती छापून पाहू, मगच दरपत्रके मागवू.