जीन तोच, पण धोका तोच नाही

'जीन तो जीनच, वंशाने काय फरक पडतो' असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटत. एपीओई-४ चंच बघा ना, अल्झायमरचा, म्हणजे म्हातारपणी स्मृती घालवणाऱ्या आजाराचा सगळ्यात बदनाम जीन, पण नायजेरियात इबादानच्या योरुबा लोकांत त्याचा धोका गोऱ्यांपेक्षा बराच कमी दिसला आणि जपानी लोकांत उलट जास्त.

आणि हा फरक का पडतो ते शोधायचं तर डीएनए थुंकीतूनही मिळतो हो, पण मेंदूत कुठली प्रथिनं किती बनतात हे बघायला मेंदूच लागतो, तोही मेल्यावर काही तासांत, म्हणजे घरच्यांनी ऐन दुःखात हो म्हणायला हवं. अमेरिकेतल्या ब्रेन बँकांत, म्हणजे दान केलेले मेंदू संशोधनासाठी जपणाऱ्या संस्थांत, बहुतेक दाते गोरेच. तिथल्याच टस्कीगी गावात १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं सरकारी संशोधनाच्या नावाखाली सिफिलिस या गुप्तरोगाच्या कृष्णवर्णीय पेशंटना मुद्दाम उपचार दिले नाहीत, मग त्यांची नातवंडं मेंदू द्यायला कचरली तर नवल काय!