मदत हवी आहे: डेव्ह धक्के खात का सरकतो?

सातवी ब

मंडळी, प्रश्न पोरकट आहे, पण त्यावरून आमच्या घरात दोन दिवस वाद पेटलाय.

संगणकावरचा जुना खेळ डेंजरस डेव्ह आठवतो ना? टोपीवाला, कप उचलायचा आणि दारातून पसार व्हायचं. शाळेच्या संगणक कक्षात चपला बाहेर काढून एका मशीनवर तिघी बसायचो. बाई फळ्याकडे वळल्या की डेव्ह सुरू, बाई आमच्याकडे वळल्या की निमूट बेसिकचा प्रोग्रॅम. परवा दादाला माळा आवरताना एक जुनी सीडी सापडली, तिच्यात हा निघाला. आताचं ६४ बिटी विंडोज असले १६ बिटी प्रोग्रॅम चालवत नाही, म्हणून जुने खेळ चालवणारं डॉसबॉक्स टाकलं. खेळ सुरू झाला. वरच्या बाणाने उडी, कंट्रोलने गोळी, सगळं जागच्या जागी.

अडचण अशी की पहिली लेव्हल झकास चालते. दुसरीपासून डेव्ह पडद्याच्या कडेशी गेला की सगळं थबकतं, चित्र खटाखट बाजूला ओढलं जातं आणि मग खेळ पुढे चालू. मला पक्कं आठवतंय की तेव्हा चित्र लोण्यासारखं सरकायचं, मारिओसारखं. कंट्रोल-एफ११ आणि एफ१२ ने सायकल्स, म्हणजे डॉसबॉक्सचा वेग, कमी-जास्त करून झाल्या. सुरुवातीला चित्राचं कार्ड कुठलं, सीजीए, ईजीए की व्हीजीए, विचारतो, ते तिन्ही करून पाहिलं. धक्के काही जाईनात. लेकीने तर "आई, हे हँग होतंय" म्हणून सोडूनच दिलं.

दादाच्या मते माझा लॅपटॉप भिकार आहे. माझ्या मते सीडीवरची प्रत बिघडलेली आहे. पैज मिसळीची आहे, तेव्हा जरा लवकर सांगा.

कंटाळा

ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करून बघा. सगळ्यावर तेच औषध.

सातवी ब

केलं. आता धक्के अद्ययावत बसतायत.

भोचक भवानी

मला तर पहिली लेव्हल संपल्यावर येणारं 'गुड वर्क, ओन्ली नाइन मोअर टू गो' एवढंच आठवतं. त्यापुढे आमच्या बॅचमधलं कोणी फारसं गेलंच नाही. बाकी चालू द्या.

बिटकाका

सातवी ब ताई, लॅपटॉप ठीक आहे आणि प्रतही ठीक आहे. डेव्ह पहिल्यापासून असाच सरकतो. तुम्ही दोघं बहीण-भाऊ पैज हरलात, मिसळ इकडे पाठवा.

आता कारण सांगतो. डेव्हचा पडदा १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकोनांचा आहे, आडवे २० आणि उभे १०. पहिली लेव्हल एका पडद्यात मावते, म्हणून तिथे तुम्हाला काही जाणवलं नाही. पुढच्या लांब आहेत. जॉन रोमेरोने हा खेळ १९८८ साली अ‍ॅपल टू या संगणकासाठी लिहिला आणि १९९० मध्ये सॉफ्टडिस्क कंपनीत असताना पीसीवर आणला. तेव्हाच्या पीसीला चित्र सरकवायचं म्हणजे जवळजवळ सगळं चित्र पुन्हा रंगवायला लागायचं. ३२० बाय २०० चा पडदा, १६ रंग, म्हणजे एका चित्राला ३२,००० बाइट. तेवढे सेकंदाला कितीतरी वेळा चित्राच्या कार्डात ढकलायचे, तेही त्या काळच्या रडतखडत चालणाऱ्या बसवरून, म्हणजे संगणकाच्या आतल्या माहितीच्या वाटेवरून. शक्यच नव्हतं. म्हणून खेळ थांबवायचा, चित्र ओढून घ्यायचं आणि पुन्हा चालू करायचं. आळस नव्हता तो, त्या मशीनवरचा व्यवहारी तोडगा होता.

डसेलडॉर्फकर

अवांतर: इथल्या जुन्या बाजारात मी कमोडोर ६४ हा जुना घरगुती संगणक घेतला. त्यावर १९८७ चा ग्रेट जियाना सिस्टर्स हा खेळ आहे, जर्मनीत बनलेला आणि मारिओची इतकी उघड नक्कल की मारिओवाल्या निन्टेंडो कंपनीच्या दबावाखाली बाजारातून मागे घ्यावा लागला. तो मात्र अगदी गुळगुळीत सरकतो. त्या मशीनच्या चित्राच्या चिपमध्येच पिक्सेल-पिक्सेलने सरकवायची सोय होती. पीसी महाग असून या बाबतीत कच्चा.

सातवी ब

काका, पटलं. पण मग मला गुळगुळीत डेव्ह आठवतो तो काय स्वप्नात खेळले? टोपीवाला डेव्हच होता. दादालाही आठवतोय, उन्हाळ्यात आतेभावाकडे खेळायचो.

बिटकाका

आतेभावाकडच्या डेव्हच्या हातात काय होतं? नीट आठवून सांगा.

सातवी ब

बंदूक. पण ती शाळेतल्यातही होती की, पुढच्या लेव्हलमध्ये मिळायची. थांबा, दादाला फोन लावते.

दादा म्हणतो लांब नळीची बंदूक होती, पहिल्यापासूनच. एक पडका वाडा होता. आणि मेलेली माणसं चालत यायची. तो पुढे म्हणाला की मी घाबरून पलंगाखाली बसायचे. ते धादांत खोटं आहे.

बिटकाका

मग झालं! तो दुसरा खेळ, डेंजरस डेव्ह इन द हॉन्टेड मॅन्शन, १९९१ चा. तुमच्या डोक्यात दोन डेव्ह एकमेकांत मिसळलेत. आणि या दोघांच्या मधे जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही, तेव्हा ऐकाच.

सप्टेंबर १९९० मध्ये सॉफ्टडिस्कमध्येच काम करणाऱ्या जॉन कारमॅकला पीसीवर चित्र गुळगुळीत सरकवायची युक्ती सापडली. ईजीए कार्डात पडद्यापेक्षा मोठं चित्र ठेवता येतं, आणि त्यातला कुठला भाग दाखवायचा हे कार्डाला सांगता येतं. भिंतीवर मोठं चित्र लावलंय आणि तुम्ही पुठ्ठ्याची चौकट त्यावरून सरकवताय, असं समजा. चित्र तिथेच राहतं, चौकट हलते. चौकट कडेला पोचली की मात्र रंगकाम करावंच लागतं. तिथे त्याने दुसरी हुशारी केली: जो चौकोन बदललाय तेवढाच रंगवायचा. निळ्या आभाळाच्या जागी पुन्हा निळं आभाळच येणार असेल तर त्याला हात कशाला लावायचा? पडद्यावरचे बरेचसे चौकोन असे फुकटात सुटतात. म्हणून या पद्धतीच्या खेळांत आभाळ, विटा, जमीन सारखी तीच ती दिसते. कंजूषपणा नाही, गरज आहे.

मग तो आणि त्याचा तिथलाच सहकारी टॉम हॉल रात्रभर बसले, आणि सुपर मारिओ ब्रदर्स ३ ची पहिली लेव्हल त्यांनी पीसीवर हुबेहूब उतरवली. फक्त मारिओच्या जागी उभा केला आपला डेव्ह! नावही बेरकी दिलं, डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट. सकाळी रोमेरोने ते चालवून पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की आता इथे नोकरी करत बसण्यात अर्थ नाही. मारिओ पीसीवर आणू द्या म्हणून त्यांनी निन्टेंडोलाही नमुना पाठवला, नकार आला. तेव्हा तीच युक्ती वापरून त्यांनी कमांडर कीन हा स्वतःचा खेळ केला, तो अपोजी या खेळ विकणाऱ्या कंपनीमार्फत १४ डिसेंबर १९९० ला बाहेर पडला. पुढच्या फेब्रुवारीत त्यांची स्वतःची कंपनी, इड सॉफ्टवेअर, उभी राहिली. सॉफ्टडिस्कला मात्र काही खेळ करून द्यायचं कबूल केलं होतं, त्यातलाच तुमचा पडक्या वाड्याचा खेळ.

म्हणजे तुम्हाला आठवतंय ते बरोबरच आहे. फक्त ते आतेभावाच्या घरचं आहे, शाळेतलं नाही.

भोचक भवानी

काका, हे सगळं तुम्ही नोकरी सांभाळून करता?

बिटकाका

निवृत्त आहे.

सातवी ब

काका, साष्टांग दंडवत. सीडी पुन्हा लावली. दुसऱ्या फोल्डरमध्ये वाडावाला डेव्हही आहे! डॉसबॉक्समध्ये चालवला, लोण्यासारखा सरकतोय. लेक आता उठायला तयार नाही. मेलेली माणसं बघून ती घाबरली नाही, हे दादाला कळवणार नाहीये.

मिसळीचं म्हणाल तर दादाने लॅपटॉपला नावं ठेवली होती आणि त्याच लॅपटॉपवर वाडा चालला, तेव्हा माझ्या मते तोच हरला. त्याला या धाग्याचा दुवा पाठवलाय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.